कौतिका हिस

मिक्सर लावायचा तर आधी पाट घ्यायचा पायाखाली,
नाहीतर झिणझिण्या येतात कोपरापर्यंत.
मग पकडीनं खुंटी फिरवायची
(बटण कधीच गळालं, माझ्या लग्नाच्याही आधी),
डाव्या हातानं झाकण दाबून धरायचं
आणि मनात तीनपर्यंत मोजायचं.
तिसऱ्याला तो उठतो,
खाकरत, जळक्या रबराचा वास सोडत.
शेजारच्या घरात पाळण्यातलं पोर दचकतं.
त्याचा बापही असाच दचकायचा म्हणे.

सेलूत वीज जायच्या वेळा ठरलेल्या होत्या
तेव्हा सासूबाई पहाटे साडेतीनला उठून
येसर दळून घ्यायच्या, कारळाची चटणी, शेंगदाण्याचं कूट,
एकदा तर गल्लीतल्या कुणाच्या तेराव्याची सगळी डाळ.
भांडी तीनदा बदलली. पाती किती, हिशोब नाही.
वायर माझ्या नवऱ्यानं जुन्या रेडिओची जोडली.
मोटार मात्र तीच.

पत्र्याच्या कडेला कोरलंय:
कौतिका हिस. मामाकडून. १२-५-८३.

मी लग्न होऊन आले तेव्हा वाटलं,
असेल कुणी कौतिका, आत्या-बित्या,
भांडून निघून गेलेली,
आणि मिक्सर इथंच राहिलेला.
विचारलं नाही. नव्या सुनेनं
भांड्यांवरची नावं वाचावीत, घासावीत,
पालथी घालावीत.

यंदा मार्चात तो तीनला उठला नाही.
चारलाही नाही. आम्ही अकरापर्यंत मोजलं.
पोरगा म्हणाला, ऑनलाइन मागवतो, उद्या येईल.
आला पण. पांढरा, हलका, मांजराएवढा आवाज.
सासूबाईंनी त्याच्या खोक्यात लसूण ठेवला,
जुना मिक्सर धडप्यात बांधला
आणि मला म्हणाल्या, चल.

गयासोद्दीन चाचांनी मोटार उघडली, नाक खाली नेलं.
"तांब्याची वाइंडिंग हाय, आपा. आता ॲल्युमिनियम घालतेत.
नुसता कार्बन गेलाय. आठ दिवसांनी न्या."
मग चिठ्ठीवर पेन टेकवून, "नाव?"

सासूबाई,
रेशन कार्डावर अरुंधती, बँकेत अरुंधती,
मतदार यादीत फोटोसकट अरुंधती,
पदर सावरून म्हणाल्या,
"कौतिका."

रिक्षात मी त्यांच्याकडं बघितलंच नाही.
त्याच बोलल्या, बाहेर बघत:
"ह्यांच्याकडं ते नाव चालंना. खेडवळ वाटलं.
ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं लिहिलं.
तांदूळ दुसऱ्या दिवशी खिचडीत गेले.
मामा मानवतला जिनिंगवर काटा धरायचा.
हैदराबादहून मीटरगेजच्या गाडीत
मांडीवर घेऊन आला हे धूड.
कोरणारा अक्षरामागं चार आणे घेई.
बापाचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव
परवडलं नाही त्याला."
आणि हसल्या. मी तेवढं हसताना
त्यांना याआधी पाहिलं नव्हतं,
दातांच्या फटी पहिल्यांदा दिसल्या.

आठ दिवसांनी मी एकटीच गेले.
"अरुंधतीबाईंचा मिक्सर."
चाचा चिठ्ठ्या चाळत राहिले.
"ह्या नावाचा न्हाई."
फळीवर तो मला दिसत होता,
स्टोव्ह आणि एका मुक्या पंख्याच्या मध्ये.
तरी जीभ उचलेना.
सासूचं नाव, तेही असं उघडं,
पुढं सौ. नाही, मागं बाई नाही.
दोनदा घसा साफ केला.
तिसऱ्याला म्हणाले.

"बफ मारून देऊ? आरशावानी होईल.
अक्षरं तेवढी जातील."
नको म्हटलं. किती झाले?
नव्वद.

घरी पोचले तर त्या आधीच पाटावर उभ्या,
हातात पकड.
येसर संपलाय, म्हणाल्या.